हिशेब क्राकोवमध्ये, नोटीस चाकणमध्ये: केंद्रीकृत वित्त विभाग आणि स्थानिक कायदेपालनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात परदेशी उद्योगसमूहांच्या कितीतरी कंपन्या आहेत. कारखाना इथे, पण बिलं नोंदवली जातात क्राकोव किंवा मनिलाच्या शेअर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे ग्रुपमधल्या सगळ्या कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या केंद्रात (पुढे ‘केंद्र’ म्हणजे हेच). पेमेंट सोडते मुख्यालयाची ट्रेझरी (पैशांचं व्यवस्थापन करणारा विभाग), आणि ईआरपी (हिशेब आणि कामकाजाचं एकत्रित सॉफ्टवेअर) सगळ्या जगासाठी एकच. अशा कंपन्यांचे भारतातले फायनान्स प्रमुख, कंपनी सेक्रेटरी आणि त्यांचे सीए यांना वारंवार पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरण भारतातल्या खासगी मर्यादित उपकंपनीचं धरलं आहे. पुण्यात बसून दुसऱ्या देशांचे हिशेब सांभाळणाऱ्यांसाठीही एक प्रश्न पुढे आहे.

हिशेबाचं काम परदेशात गेलं की जबाबदारीही तिकडे जाते का?

नाही. कंपनी कायदा, २०१३ मुख्यालयातल्या सीएफओला ओळखत नाही. तो ओळखतो भारतातल्या कंपनीच्या संचालक मंडळाला. त्या मंडळात आर्थिक वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहणारा एक तरी संचालक असावाच लागतो, आणि काही चुकलं की पहिलं पत्र बहुधा त्याच्याच नावाने निघतं. टीडीएस कापला पण भरला नाही, तर दरमहा दीड टक्का व्याज लागतं, शिवाय खटला होऊ शकतो. तो खटला कंपनीबरोबर तिच्या कारभाराला जबाबदार असलेल्या माणसांवरही होतो. ‘आमचं पेमेंट पोलंडमधून सुटतं’ हे तिथे उत्तर होत नाही.

केंद्रीकरणाला माझा विरोध नाही. नोंदी, ताळमेळ, रिपोर्टिंग एका ठिकाणी झालं तर काम स्वच्छ होतं, खर्चही वाचतो. पण ज्याची सही, त्याच्याकडे पेमेंट सोडण्याचा आणि चुकीची नोंद थांबवण्याचा अधिकारही हवा. सही इथे आणि अधिकार तिथे, ही या क्षेत्रातली सर्वांत धोक्याची रचना आहे. पुढचे बहुतेक प्रश्न तिच्यातूनच जन्मतात.

ईआरपीचा सर्व्हर फ्रँकफर्टला आहे. चालतं का?

मूळ सर्व्हर बाहेर असायला हरकत नाही. मात्र हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर रोज घेतला गेला पाहिजे. आधी नियमात ‘ठरावीक काळाने’ असं होतं. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने ते ‘रोज’ झालं. ग्रुप आयटी म्हणते, ‘आमच्याकडे डब्लिनला दुसरी प्रत आहे.’ ती आपत्तीसाठी उत्तम, पण या नियमासाठी तिचा उपयोग नाही. सर्व्हर पुरवठादार परदेशातला असेल, तर भारतात या नोंदींवर ताबा असणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि पत्ता कंपनी निबंधकांना (रजिस्ट्रार) कळवावा लागतो. ती व्यक्ती कोण, हे आधी कंपनीत ठरलेलं असावं. कित्येकदा त्या माणसालाच आपलं नाव दिलंय हे ठाऊक नसतं.

दुसरा मुद्दा ऑडिट ट्रेलचा. १ एप्रिल २०२३ पासून, प्रत्येक बदल कधी झाला याची नोंद ठेवणारं आणि ती नोंद बंद करता न येणारं सॉफ्टवेअरच वापरायचं आहे, आणि ऑडिटरला त्यावर आपल्या अहवालात मत द्यावं लागतं. ॲप्लिकेशनमध्ये ही सोय सहसा असते. अडचण डेटाबेसच्या पातळीवर येते: ग्रुपचा ॲडमिन थेट टेबलमध्ये बदल करू शकतो आणि तिथला लॉग वेग कमी होतो म्हणून बंद असतो. ऑडिटर नेमकं तिथे बोट ठेवतो. हा विषय मार्चमध्ये नको, जूनमध्येच ग्रुप आयटीपुढे मांडा. पुस्तकं आठ वर्षं जपायची आहेत, तेव्हा जुनी ईआरपी बंद करून नवी आणताना जुना डेटा वाचता येईल अशी सोयही मागून घ्या.

आमच्या ग्रुपची पेमेंट टर्म (बिलाचे पैसे द्यायची मुदत) जगभर ९० दिवस आहे. भारतात तीच लावली तर काय होईल?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि मुख्यालयाला सगळ्यांत कमी समजतो.

एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यायचे. करारात ९० दिवस लिहून पुरवठादाराची सही घेतली, तरी कायद्यापुढे ४५ च धरले जातात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं, आणि त्या व्याजाची आयकरात वजावट मिळत नाही.

आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराचीही जोड मिळाली. मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षाचा खर्च म्हणून धरली जात नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली, त्या वर्षीच मिळते. रिटर्न भरण्यापूर्वी पैसे दिले की वजावट मिळते, ही सवलत इतर काही देण्यांना आहे, याला नाही. एक हिशेब करून पाहू. भोसरीच्या एका लघु उद्योगाचा ४० लाखांचा माल १० फेब्रुवारीला स्वीकारला. ४५ दिवस २७ मार्चला संपतात. ग्रुपच्या ९० दिवसांनी पेमेंट ११ मेला जाईल. मग ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षात हे ४० लाख खर्चात धरता येत नाहीत, आणि २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दराने, सरचार्ज आणि सेस धरून, सुमारे १० लाखांचा कर वर्षभर आधी भरावा लागतो. असे वीस पुरवठादार असतील तर ट्रेझरीने ९० दिवस रोखून काय कमावलं, हे कागदावर मांडा. मुख्यालयाशी बोलताना हा कागद कुठल्याही कायद्याच्या उताऱ्यापेक्षा जास्त काम करतो.

ईआरपीत करायच्या गोष्टी तशा साध्या आहेत. व्हेंडर मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या माहितीच्या यादीत) उद्यम नोंदणी क्रमांक आणि वर्ग (सूक्ष्म, लघु, मध्यम) यांचा रकाना हवा. मध्यम उद्योग या ४५ दिवसांच्या नियमात येत नाहीत, म्हणून वर्ग महत्त्वाचा. निव्वळ व्यापार करणाऱ्यांची उद्यम नोंदणी प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती असते, हेही नोंदवा. १ एप्रिल २०२५ पासून वर्गांच्या मर्यादा वाढल्या आणि लघु उद्योगाची उलाढाल १०० कोटींपर्यंत गेली. म्हणजे काल मध्यम असलेला पुरवठादार आज लघु असू शकतो. दरवर्षी प्रमाणपत्र मागवा. आणि पेमेंट रन (एकगठ्ठा पेमेंट सोडण्याची फेरी) पंधरवड्याने होत असेल तर सिस्टिममध्ये टर्म ४५ ची ठेवू नका, ३० ची ठेवा. नाहीतर रनच्या फरकाने मुदत हुकते.

यासोबत कंपनी निबंधकांकडे सहामाही एमएसएमई-१ फॉर्म जातो: एप्रिल ते सप्टेंबरचा ३१ ऑक्टोबरपर्यंत, ऑक्टोबर ते मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. त्यात उशिराची कारणं लिहावी लागतात. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ‘ट्रेड्स’ या, छोट्या पुरवठादारांना बिलांवर लवकर पैसे मिळवून देणाऱ्या प्लॅटफॉर्मवर नोंदणी करायची मुदत ३१ मार्च २०२५ होती.

कायदा बाजूला ठेवूनही एक सांगावंसं वाटतं. भोसरी, सातपूर, कागलच्या छोट्या वर्कशॉपना तुमचे पैसे थकले की त्यांच्या कामगारांचे पगार थकतात. जगभर एकच टर्म लावणाऱ्या माणसाला हे दिसत नाही. दाखवायचं काम इथल्या फायनान्स प्रमुखाचं आहे.

कर भरायचे पैसे मुख्यालयातून वेळेत सुटत नाहीत. काय करावं?

आधी तारखा पाहा. टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला, मार्चचा ३० एप्रिलला. पीएफ आणि ईएसआय १५ ला. जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) साधारणपणे ११ ला, जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं रिटर्न) २० ला. ॲडव्हान्स टॅक्स १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला. ग्रुपची मंथ-एंड क्लोज (महिन्याचे हिशेब बंद करणं) तिसऱ्या-चौथ्या कामकाजी दिवशी असते, म्हणजे टीडीएसच्या चलनासाठी हातात दोनच दिवस उरतात, आणि त्यात तिकडचा ईस्टर सोमवार किंवा इकडचा शनिवार-रविवार आला की खेळ संपला.

दोन कारणांनी पैसे अडकतात. पहिलं, ‘पीओ नाही तर पेमेंट नाही’ हा ग्रुपचा नियम. सरकारला कोणी परचेस ऑर्डर देत नाही, तेव्हा कराच्या देण्यांना या नियमातून लेखी सूट घ्या. दुसरं, बँकेचे दोन्ही मंजुरीकर्ते परदेशात असणं. उपाय म्हणजे फक्त सरकारी देण्यांसाठी वेगळं बँक खातं, त्यात महिन्याच्या सुरुवातीला अंदाजे रक्कम, आणि त्या खात्यावर भारतातल्या दोघांचा संयुक्त अधिकार. ट्रेझरीला नियंत्रण हवं असतं, ते मर्यादा आणि रोजच्या स्टेटमेंटमधून मिळतं. हा प्रस्ताव संचालक मंडळाच्या ठरावातून न्या, ई-मेलमधून नको. ठराव झाला की तो बोर्डाचा निर्णय होतो आणि मुख्यालयातला माणूस बदलला तरी टिकतो.

डिसेंबरकडे वेगळं लक्ष द्या. १५ ला ॲडव्हान्स टॅक्स, २० ला ३बी, ३१ ला जीएसटीचं वार्षिक रिटर्न, आणि याच काळात युरोपातली केंद्रं नाताळसाठी रिकामी होतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच मंजुरी देणाऱ्यांच्या रजा विचारून घ्या.

ग्रुपचं वर्ष डिसेंबरला संपतं. भारतातलं वर्ष बदलून घ्यावं का?

परदेशी कंपनीच्या उपकंपनीला अर्ज करून वेगळं आर्थिक वर्ष घेता येतं. पण आयकराचं वर्ष मार्चचंच राहतं, त्यामुळे दोन वेळा क्लोज, दोन वेळा ताळमेळ. बहुतेक उपकंपन्यांना हे परवडत नाही. त्यापेक्षा मार्च क्लोजचं वेळापत्रक ग्रुप कॅलेंडरमध्ये डिसेंबरइतक्याच वजनाने घालून घ्या, कारण एप्रिल-मेमध्ये तिकडच्या टीमच्या दृष्टीने ऑडिट केव्हाच संपलेलं असतं आणि तुमच्या ऑडिटरच्या प्रश्नांना कोणी वाली राहत नाही.

जीएसटीचं किती काम केंद्राकडे देता येतं?

नोंदी, खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून तयार होणारं विवरण) यांचं जुळवणं, ई-इन्व्हॉइसचा (सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाचा) डेटा, हे सगळं देता येतं. पण जुळवल्यावर जे जुळत नाही, ते सोडवायला पुरवठादाराला मराठीत किंवा हिंदीत फोन करावा लागतो. ‘तुमचं बिल २बी मध्ये दिसत नाही, या महिन्यात टाका’ हे सांगायला केंद्राकडे ना वेळ असतो ना ओळख. पुरवठादाराने बिल दाखवलं नाही तर इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, आणि एका वर्षाचं राहिलेलं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरनंतर, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर त्या दिवशीच, कायमचं जातं. हा पाठपुरावा इथेच ठेवा.

रिटर्नवर कंपनीची डिजिटल सही लागते आणि तिचं टोकन ज्याच्या नावाचं आहे त्याच्याच हातात असायला हवं. टोकन आणि पासवर्ड केंद्राला कुरियर करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती ताबडतोब बंद करा. तसंच ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिलाच्या पोर्टलवर लॉगिनला लागणारा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो, हे तपासा. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा नंबर तिथे राहिला की ट्रक गेटवर उभा राहतो.

१० कोटी किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर नोंदवावं लागतं. क्रेडिट नोटही यात येते. केंद्राने मागच्या तारखेची क्रेडिट नोट काढली तर पोर्टल ती घेत नाही.

आणि नोटिसा. जीएसटीआर-१ आणि ३बी मधला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की आपोआप सूचना निघते आणि उत्तराला ७ दिवस मिळतात. उत्तर नाही दिलं तर पुढचं जीएसटीआर-१ अडतं, म्हणजे तुमच्या ग्राहकांचं क्रेडिट अडतं. ही सूचना नोंदवलेल्या ई-मेलवर आणि पोर्टलवर येते. तो ई-मेल बहुधा नोंदणीच्या वेळी दिलेला, कोणीही न पाहणारा असतो. आठवड्यातून दोनदा पोर्टल उघडून पाहायचं काम एका माणसाच्या नावावर लिहून द्या.

मुख्यालय मॅनेजमेंट फी लावतं. त्यात काय पाहायचं?

तीन कायदे एकाच बिलावर येतात, आणि केंद्राला त्यातला बहुधा एकही दिसत नाही.

आयकर: तांत्रिक सेवेच्या फीवर देशांतर्गत दर १ एप्रिल २०२३ पासून २० टक्के झाला, अधिक सरचार्ज आणि सेस. जर्मनीबरोबरच्या दुहेरी कर टाळण्याच्या करारात तो १० टक्के आहे. कराराचा दर हवा असेल तर मुख्यालयाचं कर रहिवासी प्रमाणपत्र पेमेंटआधी हातात हवं. अमेरिका, ब्रिटन, नेदरलँड्सच्या करारांत सेवेतून ज्ञान किंवा कौशल्य भारतीय कंपनीच्या हाती आलं का, हाही प्रश्न येतो. त्यावर लेखी मत घेऊन ठेवा.

जीएसटी: आयात सेवेवर कर तुम्हीच भरायचा. इथे एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. संबंधित परदेशी कंपनीकडून सेवा असेल, तर देय तारीख बिलावर अवलंबून नसते; पुस्तकात नोंद किंवा पेमेंट, यातलं आधीचं जे असेल ते धरतात. म्हणजे केंद्राने महिनाअखेरीस केलेली तरतुदीची एक जर्नल एन्ट्रीसुद्धा कर लागू करू शकते. टीडीएसचंही असंच आहे. सस्पेन्स खात्याला जमा केलं तरी कापावा लागतो. संपूर्ण क्रेडिट मिळत असेल तर बिलात दाखवलेलं मूल्यच ग्राह्य धरायचं, असं जून २०२४ च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं, त्यामुळे मूल्याचा वाद बराच निवळला.

ट्रान्सफर प्रायसिंग (ग्रुपमधल्या कंपन्यांच्या आपसातल्या व्यवहारांच्या किमतींचे नियम): आयकर अधिकारी विचारतो, ‘या फीमधून तुम्हाला मिळालं काय?’ त्या वेळी ग्रुपचं वाटपाचं एक्सेल पुरत नाही. ई-मेल, अहवाल, प्रशिक्षणाच्या नोंदी, कोणी किती तास दिले, हे त्याच वर्षी गोळा करा. तीन वर्षांनी मागितलं तर देणारी माणसं तिथे नसतात.

मुख्यालयातून माणूस पाठवला असेल तर नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्स प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा १९ मे २०२२ चा निकाल वाचा. पगार परदेशात देऊन भारतातून वसूल करण्याला न्यायालयाने मनुष्यबळाची करपात्र सेवा मानलं. डिसेंबर २०२३ मध्ये जीएसटी विभागाने आपल्या अधिकाऱ्यांना तो निकाल सरसकट लावू नका असं सांगितलं आहे, तरी प्रत्येक करार वेगळा तपासावा लागतो.

भारतातली शिल्लक रोज ग्रुपच्या कॅश पूलमध्ये (सगळ्या कंपन्यांच्या एकत्रित शिलकीत) ओढता येते का?

नाही. परदेशी मूळ कंपनीला दिलेलं ते कर्ज ठरतं आणि फेमा (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) त्याला सहसा वाट देत नाही. पैसा नेण्याचे मार्ग म्हणजे लाभांश, बायबॅक, आणि खऱ्या सेवेचं मोल. आपापसातली येणी-देणी परस्पर वळती करणंसुद्धा केंद्राने ईआरपीत बटण दाबून करायचं काम नाही. ते बँकेमार्फत, तिच्या अटींवर होतं. दरवर्षी १५ जुलैला रिझर्व्ह बँकेकडे एफएलए (परदेशी देणी आणि मालमत्ता यांचं) रिटर्न जातं. ऑडिट झालं नसेल तरी ते तात्पुरत्या आकड्यांवर भरायचं असतं.

मूळ कंपनीचे शेअर आमच्या कर्मचाऱ्यांना मिळतात. भारतातल्या कंपनीचा त्यात संबंध काय?

शेअर परदेशातून मिळाले तरी ते इथल्या नोकरीमुळे मिळाले. म्हणून त्यावर पगारासारखा टीडीएस इथल्या कंपनीने कापायचा. ग्रुप एचआरकडून वाटपाची यादी दर महिन्याला मागवा.

जागतिक पेरोल व्हेंडर आहे. महाराष्ट्राचं वेगळं काय सांगायचं?

व्यवसाय कर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, हे सिस्टिमला शिकवावं लागतं. महिलांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो नाही. कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरमध्ये कापायचा. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या बदलली: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर जादा भाग वेतनात मिळवायचा. ग्रॅच्युइटीची तरतूद यामुळे हलते, आणि ती तरतूद ग्रुपच्या ॲक्चुअरीकडे, म्हणजे अशा देण्यांचा अंदाज बांधणाऱ्या तज्ज्ञाकडे असते. त्याला कळवलंय का, ते विचारा. आयकराचंही तसंच: नवा आयकर कायदा, २०२५ १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे केंद्राचा टीडीएस मास्टर जुन्या क्रमांकांवर राहिला की रिटर्नच चुकतं.

आम्ही खराडीत बसून जर्मनी आणि पोलंडची पुस्तकं सांभाळतो. आम्हाला हे कसं लागू?

आरशात पाहिल्यासारखं. तिथल्या संचालकाची सही, तुमची एन्ट्री. जर्मनीत कर कायद्यानुसार पुस्तकं देशातच ठेवायची असतात. इलेक्ट्रॉनिक पुस्तकं युरोपियन युनियनबाहेर न्यायची तर कर कार्यालयाची परवानगी लागते, आणि विनापरवाना नेल्यास २,५०० ते २,५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. प्रोजेक्ट पुण्याला येताना ही परवानगी कोणाच्या नावावर आहे, हे विचारा. पोलंडमध्ये व्हॅटची जेपीके फाईल पुढच्या महिन्याच्या २५ तारखेला जाते. २० कोटी झ्लॉटींहून जास्त विक्री असलेल्यांना १ फेब्रुवारी २०२६ पासून आणि इतर बहुतेकांना १ एप्रिल २०२६ पासून बिलं सरकारी केएसईएफ यंत्रणेतून काढायची आहेत. तिथला अकाउंटंट एखादी गोष्ट ‘इथे असं चालत नाही’ म्हणाला, तर ते ग्रुप पॉलिसीच्या विरोधात आहे म्हणून परतवू नका. आपल्याकडचा ४५ दिवसांचा नियम आठवा आणि त्याला कायद्याचं कलम मागा. तो आनंदाने देईल.

भारतात निदान कोणती माणसं ठेवलीच पाहिजेत?

संख्या कंपनीच्या आकारावर ठरते, भूमिका मात्र ठरलेल्या आहेत. बँकेवर आणि रिटर्नवर सही करणारा, ज्याला आकडे समजतात. नोटीस वाचून त्याच दिवशी सीएकडे जाणारा. पुरवठादारांना ओळखणारा. पगाराच्या कायद्यांवर नजर असणारा. ही कामं सल्लागार फर्मकडे दिली तरी कंपनीत त्यांना उत्तर देणारा एक माणूस लागतोच, कारण फर्म विचारते आणि केंद्र म्हणतं, ‘तिकीट टाका’, म्हणजे सिस्टिममध्ये विनंती नोंदवा. खर्च कपातीत मुख्यालय यांतलं शेवटचं पद काढायला निघालं, तर गेल्या दोन वर्षांतल्या नोटिसा, भरलेलं व्याज आणि बुडालेलं इनपुट क्रेडिट यांची यादी संचालक मंडळाच्या बैठकीत ठेवा आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्या.